बाकी

उद्यमनगरात, लेथच्या किरकिरीमागं
ऑइल इंजिनच्या सुट्या भागांचं दुकान.
सत्त्याण्णव खण, लोखंडी, हिरवा रंग उडालेला,
आणि जिनगोंडा मगदूम, कानावर पेन्सिल.

नंबराला सत्त्याण्णवनं भागायचं.
भागाकार सोडून द्यायचा.
उरेल ती बाकी, तोच खण.
पिस्टन रिंग, चार हजार एकशे सत्तावीस: त्रेपन्न.
पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं
आणि चहा सांगितला.

"शंभर का नाहीत खण?"
"कंपनीचे नंबर शून्यावर टेकतात गं.
शंभर केलं की सगळी जत्रा एकाच दारात.
सत्त्याण्णवला कुणाचा भाग जात नाही.
हट्टी आहे. वाटपाला हट्टीच बरा."

मोकळ्या रॅकसमोर पैज मी लावली:
बारा जातीचा माल, सत्त्याण्णव घरं,
कशाला कोण कुणाच्या अंगावर येतंय?
अकराव्याला नॉझल. तीन हजार साठ.
मी दोनदा भागलं.
दोन्ही वेळा त्रेपन्न.

माझ्या पैशाचा कटवडा खात म्हणाला,
"तू बारा भाग मोजलीस, मी जोड्या मोजल्या.
बारांच्या सहासष्ट होतात.
सहासष्ट ठिकाणी ठिणगी,
आणि तू म्हणतीस आग लागंल कशी.
निम्म्यापेक्षा जरा जास्त होतं माझ्याकडं.
जरासंच.
हरलो असतो तर दोन वडे दिले असते."

नॉझल चोपन्नात गेला. पुढचा मोकळा खण, ही रीत.
मग गॅस्केट आलं, सतराशे दोन,
त्याचीही बाकी त्रेपन्न; ते पंचावन्नात.
गर्दी गर्दीला हाक मारते, तिथं बघितलं मी.
पन्नाशीत रांग लागलेली
आणि ऐंशीच्या पुढं कुत्रं फिरकत नव्हतं.

ऐन हंगामात वडणग्याच्या गुऱ्हाळावरचा माणूस आला,
कोपरापर्यंत चिकट.
गॅस्केट मागितलं.
त्रेपन्न उघडला: रिंग.
चोपन्न उघडला: काही नाही,
शेवटचा नॉझल सकाळीच विकलेला.
रिकामा खण म्हणजे रांग संपली.
"नाही," म्हटलं.
तो सांगलीच्या वाटेला लागला.
रात्रभर मांदणात रस आंबला, असं नंतर ऐकलं.

संध्याकाळी जिनगोंडानं पंचावन्न ओढला.
गॅस्केट होतं. कागदसुद्धा फाटला नव्हता.
मला वाटलं, आता बोलेल.
तो उठला, शेजारच्या लेथवरनं
एक जुना वॉशर घेऊन आला,
चोपन्नच्या कडीला तारेनं बांधला.
"ह्यो खण रिकामा न्हाई.
हितनं कुणीतरी उठून गेलंय.
थांबायचं न्हाई, फुडं बघायचं."
एरवी तो इतका गावाकडचा बोलायचा नाही.

नऊ वर्षं.
कडीकडीला वॉशर लोंबायला लागले.
एका बोल्टासाठी वीस वीस खण चालायचं,
प्रत्येक दार म्हणायचं, पुढं बघ.
गिऱ्हाईक घड्याळ बघायचं.
मग शिरोलीहून नवा रॅक आला,
एकशे नव्व्याण्णव खणांचा. हाही हट्टी.
सोमवारच्या सुट्टीत आम्ही सगळं जमिनीवर ओतलं
आणि पहिल्यापासून भागत बसलो.
रिंग एकशे सत्तेचाळीसात गेली,
नॉझल पंच्याहत्तरात.
नऊ वर्षं एका घरावरनं भांडलेले,
आता मधे एक अख्खी भिंत.

खाली उरले वॉशर.
एकेचाळीस. मी डब्यासकट भंगारात टाकायला निघाले.
"माल आहे तो," जिनगोंडा म्हणाला,
वहीत ओळ लिहिली, नंबर दिला:
आठ हजार पस्तीस.
"भाग बघू."
भागलं. बाकी पंच्याहत्तर.
तिथं नॉझल आधीच बसलेला.
तो हसला नाही.
पेन्सिल कानावर ठेवली
आणि शहात्तरचं दार ओढलं.